डीएन रोड चालत: क्रॉफर्ड मार्केट ते हुतात्मा चौक

फोर्टातला_भटक्या

मुंबईतला सगळ्यात देखणा रस्ता कोणता असं विचारलं की लोक डोळे झाकून मरीन ड्राइव्ह सांगतात. मरीन ड्राइव्हबद्दल आकस नाही, पण तिथे निम्मं काम समुद्रच करतो. नुसत्या इमारतींच्या जिवावर देखणा झालेला रस्ता बघायचा असेल तर माझं मत दादाभाई नौरोजी रस्त्याला. क्रॉफर्ड मार्केटपासून निघायचं, व्हीटीवरून (ज्यांना सीएसएमटी म्हणायचंय त्यांनी तसं म्हणा, भांडण नको) सरळ फ्लोरा फाउंटनला, म्हणजे हुतात्मा चौकात यायचं. न थांबता चाललात तर अर्ध्या तासात संपतो. थांबत चाललात तर सकाळ गेलीच म्हणून समजा.

थोडं मागचं सांगतो. आज आपण नुसतं 'फोर्ट' म्हणतो, पण तिथे खरोखरीची तटबंदी होती. सर बार्टल फ्रियर १८६२मध्ये गव्हर्नर म्हणून आला आणि त्याच्या कारकिर्दीत हे तट पाडले गेले. आतली दाटीवाटीची वस्ती आणि बाहेरचं मोकळं मैदान यांच्यामधली भिंत गेली आणि तटाला समांतर जाणारा रस्ता अचानक शहराच्या मध्यावर आला. तो म्हणजे हॉर्नबी रोड, आजचा डीएन रोड. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता, वरळीच्या बांधामुळे आपल्याला माहीत असलेला तोच. पुढे रस्ता रुंद झाला आणि साधारण १८८५ ते १९१९ या काळात त्याच्या पश्चिम बाजूला एकामागून एक मोठ्या इमारती उभ्या राहिल्या.

आता मुद्द्याचं. या इमारती कुणा एकाने बांधलेल्या नाहीत. कुठे विमा कंपनी, कुठे पारशांची धर्मादाय संस्था, कुठे साहेबी कापडाचं दुकान. प्रत्येकाचा आर्किटेक्ट वेगळा, प्रत्येकाची हौस वेगळी. एक इमारत गॉथिक, शेजारची ग्रीक खांबांची, तिसरीवर घुमट. तरीही रस्ता विस्कटलेला वाटत नाही, कारण १८९६चा एक सरकारी नियम. तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला कमानींची पडवी सोडायचीच. वरती तुम्हाला काय करायचं ते करा, खाली लोकांना चालायला वाट द्या. त्यामुळे वरचे मजले आपापल्या तोऱ्यात उभे असले तरी खालून कमानींची एकच ओळ निघते. पावसाळ्यात अर्धा फोर्ट छत्री न उघडता पालथा घालता येतो. गल्ली ओलांडताना जे काय भिजायचं ते.

यातल्या निम्म्या इमारती उचलून दुसरीकडे नेऊन ठेवल्या तर कुणी ढुंकून बघणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. इथे त्या शोभतात, कारण शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि सगळ्यांनी खालची अट पाळली आहे. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २००४ साली डीएन रोडला पुरस्कार मिळाला, तोही एकट्यादुकट्या इमारतीला नव्हता. रस्त्याच्या या कामाच्या संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा. त्यांच्या कामात दुकानांच्या पाट्या कमानीच्या मापात बसवणं आणि रस्त्यावरचे दिवे, बाकं यांना एक धरबंध आणणं, अशा बारीक गोष्टी होत्या. पाटी कमान झाकत असेल तर पाटीने मागे सरायचं.

ज्याला जी इमारत माहीत आहे त्याने भर घालावी. दुकानं, खाणं, तक्रारी सगळं चालेल. फक्त 'व्हीटी की सीएसएमटी' यावर शंभर प्रतिसाद नकोत.

———

मी_ठाणेकर

वाचतोय. एवढी वर्षं व्हीटीला उतरतोय, पण माझा डीएन रोड म्हणजे भुयारी मार्गातून वर येणं आणि ऑफिस गाठणं. वर बघायला मान मोकळी नसते, समोरच्याची बॅग पोटात बसते. रविवारी बायको-मुलाला घेऊन यायचा विचार आहे. नक्की कुठे उभं राहून काय बघायचं ते कुणी सांगेल का?

———

दगडधोंडे

ठाणेकर, रोज ज्या स्टेशनातून बाहेर पडता तिथूनच सुरुवात करा. लोकलच्या तिकिटांचा जो मोठा हॉल आहे ना, त्याला स्टार चेंबर म्हणतात. पुढच्या वेळी रांगेत उभे राहाल तेव्हा वर बघा, निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आहेत. मग खांबांची डोकी बघा. पानं, पक्षी, माकडं असं काय काय कोरलंय. यातलं बरंचसं काम जे. जे. कला विद्यालयाच्या मुलांनी केलेलं आहे.

बाहेर येऊन समोरच्या बाजूला जा, नाहीतर इमारत अंगावर येते आणि काही दिसत नाही. फाटकाच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत. सिंह साहेबाचा, वाघ आपला. मधल्या घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई म्हणजे 'प्रगती', दुसऱ्या हाताशी चाक. घड्याळाच्या खाली एक कोनाडा आहे, तो रिकामा. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर काढला. दर्शनी भिंतीवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेशी संबंधित मंडळींचे दगडी मुखवटे आहेत, त्यांत जमशेटजी जीजीभॉय आणि आपले नाना शंकरशेटही आहेत. पगडीवरून नाना ओळखा, मुलाला कामाला लावा.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८मध्ये हे काम हातात घेतलं, पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. मधेच १८८७मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं. जागतिक वारसा यादीत नाव २००४मध्ये आलं, म्हणजे भटक्याने सांगितलेल्या पुरस्काराचंच वर्ष.

आणि एक. समोर तिरपी दिसणारी महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ची. मनोरा २३५ फुटांचा. एका माणसाच्या दोन इमारती एकमेकींसमोर, मध्ये फक्त रहदारी. मला विचाराल तर महापालिकेची सरस आहे. स्टेशनावर अलंकार जरा जास्तच झालेत, इथे हात आवरलाय.

———

तिसरी_घंटा

>>मला विचाराल तर महापालिकेची सरस आहे.

याच्याशी कडाडून असहमत, पण ते असो.

व्हीटीसमोरच्या कॅपिटॉल सिनेमाकडे कुणी बघत नाही म्हणून मी लिहिते. ही इमारत १८७९ची, मूळची गेइटी थिएटर. म्हणजे आत्ताचं स्टेशन पूर्ण व्हायच्या आधीपासून इथे नाटकं होत होती. पुढे सिनेमा आला, नाव बदललं, मग सिनेमाही गेला. पडदा पडल्याला बरीच वर्षं झाली. आता लोकांना ही इमारत माहीत आहे ती खालच्या 'आराम'च्या वडापावमुळे. मी तरी वडापाव खात वरची गॅलरी बघते. तिथून मध्यंतरात लोक खाली टांगे बघत उभे राहत असतील असं उगाच वाटत राहतं.

———

निळीशाई

धाग्याचं नाव क्रॉफर्ड मार्केटपासून आणि सगळे व्हीटीपासून सुरू झालेत. आम्हा जेजेवाल्यांवर हा अन्याय आहे!

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ची. आर्किटेक्ट विल्यम एमर्सन. आर्थर क्रॉफर्ड हा शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. प्रवेशद्वारावर कमानीत जी शिल्पपट्टी आहे ती लॉकवूड किपलिंगची. शेतकरी, गहू, बाजाराला निघालेली माणसं. त्यात देवदेवता किंवा परीबिरी नाहीत, धोतर नेसलेले, डोक्यावर ओझं घेतलेले लोक आहेत. पहिल्या वर्षाला असताना आम्हाला तिथे स्केचिंगला पाठवायचे. खाली फळवाल्यांचा ओरडा, वर मान करून रेघ मारायची, आणि मध्येच कुणीतरी 'ओ ताई, बाजूला व्हा' म्हणून टोपली पुढे काढणार. त्या पट्टीतली ओझं घेतलेली माणसं आणि खालची हमाल मंडळी यांच्यात फरक कपड्यांचा. मानेची ठेवण तीच, खांदा पडतो तो तसाच.

तिथून व्हीटीकडे येताना उजवीकडे आमचं कॉलेज. स्थापना १८५७. आवारातला लाकडी बंगला बघून घ्या, लॉकवूडचा मुलगा, लेखक रडयार्ड किपलिंग, याचा जन्म तिथलाच.

———

दगडधोंडे

निळीशाई, जन्म त्याच आवारातला, ३० डिसेंबर १८६५चा. पण आत्ताचा बंगला नंतरचा, १८८२चा. लॉकवूड १८७५मध्येच लाहोरला गेला होता. ज्या घरात पोरगं जन्मलं ते घर आज उभं नाही.

———

निळीशाई

बरं झालं लिहिलंत. पण झाडं जुनी आहेत आणि बंगला सुंदर आहे, तेव्हा लोकांनी यावं ही विनंती कायम.

———

रोखठोक_तात्या

सगळं ठीक आहे हो. कमानींची ओळ, एकसंधपणा, युनेस्को. पण त्या पडवीतून आज चालता येतं का, ते सांगा. एका बाजूला दुकानाच्या पायरीवर मांडलेला माल, दुसऱ्या बाजूला खांबाला टेकून फेरीवाला, मध्ये दीड माणसाची जागा. वर लटकणारे बेल्ट, मोबाइलची कव्हरं आणि बनियनं. कमान दिसते कुणाला? लोक शेवटी रस्त्यावर उतरून बसच्या पुढ्यात चालतात. नियम १८९६चा होता, लोकांना चालायला वाट देण्यासाठी. ती वाट कुठे गेली? वारशाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी सहाला तिथून जाऊन दाखवावं.

———

मी_ठाणेकर

तात्या, सहाला मी तिथेच असतो. +१. पण खरं सांगू का, चार्जर तुटला की मी त्याच खांबाशी थांबतो.

———

बोराबाजार

तात्या, तुमची चीड समजते, पण फेरीवाल्याकडे फक्त अडथळा म्हणून बघू नका. आमचं घर फोर्टातच, तीन पिढ्या. त्या पडवीत एक घड्याळजी बसायचे. खांबाच्या पायथ्याच्या दगडावर लाकडी पेटी, पेटीला काचेचं झाकण, झाकणाखाली कप्प्याकप्प्यांत काटे आणि चाकं. उजव्या डोळ्यात भिंग अडकवलेलं. दिव्याची वायर वरच्या बिडाच्या ब्रॅकेटला गुंडाळून आणलेली. गिऱ्हाईक आलं तरी वर बघायचे नाहीत, हात पुढे करायचे, घड्याळ हातात ठेवायचं. तीन फूट बाय दीड फुटाचा संसार, आणि चालणाऱ्याला त्यांचा कधी अडथळा झाला नाही. अडथळा होतो तो दुकानदार स्वतःचा माल बाहेर मांडतो आणि त्याच्यापुढे आणखी एकाला जागा देतो तेव्हा. दोन्ही एका मापाने मोजू नका.

बाकी, मूळ धाग्यात एक गोष्ट राहिली ती लिहितो. डीएन रोडला दोन वेगळ्या बाजू आहेत आणि चालताना त्या पायाला कळतात. व्हीटीकडून फाउंटनकडे तोंड केलंत की डावीकडे जुना फोर्ट. गल्ल्या अरुंद, वाकड्या, बोरा बाजार, बाजारगेट. इथे १८०३मध्ये मोठी आग लागली होती आणि त्यानंतर बऱ्याच वस्तीला तटाबाहेर हलवलं. उजवीकडे तटाबाहेरचं मैदान होतं, तिथले रस्ते आखून काढलेले, सरळ, रुंद. म्हणून मोठमोठे दर्शनी भाग बहुतेक उजव्या हाताला आणि जेवण डाव्या हाताला! पंचमची पुरीभाजी डावीकडच्या गल्लीत, याझदानी बेकरीचा ब्रून मस्काही त्याच बाजूला आत.

———

फोर्टातला_भटक्या

बोराबाजार, हे डावं-उजवं फार नेमकं सांगितलंत. मी दर वेळी उजव्या पडवीतून चालतो आणि डावीकडचे दर्शनी भाग बघतो, पण जेवण डावीकडे हे मान्य.

तात्या, तुमचा मुद्दा धाग्याच्या बाहेरचा नाहीच, उलट मधोमध आहे. पडवीची जमीन वरच्या इमारतीच्या पोटात, वापर सगळ्या गावाचा. अशा जागेची निगा कुणी ठेवायची? मालक म्हणतो लोक वापरतात, लोक म्हणतात मालकाची. जिथे दुकानदारांनी मनावर घेतलं तिथे पडवी स्वच्छ आहे, फरशी धड आहे, दिवे लागतात. चार पावलांवर दुसरी इमारत, तिथे छताचं प्लास्टर लोंबतंय. एकाच ओळीत दोन्ही बघायला मिळतं.

———

चष्मेवाली_मावशी

एक व्यावहारिक प्रश्न. आईला गुडघ्याचा त्रास आहे. पडवीतून सलग चालता येतं का?

———

बोराबाजार

मावशी, सलग नाही. प्रत्येक इमारतीचं जोतं वेगळ्या उंचीचं, त्यामुळे मध्ये मध्ये एकदोन पायऱ्या चढउतार होतात, आणि गल्ली आली की खाली उतरावंच लागतं. आईंना घेऊन आलात तर व्हीटी ते महापालिका एवढंच एका टोकाला बघा, मग टॅक्सीने फाउंटनला जा. भुयारी मार्गाच्या पायऱ्या टाळा.

———

ग्रंथघर

आतापर्यंत साहेबांचीच नावं आली, म्हणून लिहितो. याच रस्त्यावर सिद्धार्थ महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५मध्ये काढली आणि १९४६मध्ये हे कॉलेज. बुद्ध भवन आणि आनंद भवन या त्याच्या दोन इमारती. इथल्या ग्रंथालयात बाबासाहेबांच्या स्वतःच्या संग्रहातली पुस्तकं आहेत. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग भरायचे. सातच्या आधी व्हीटीला उतरायचं, तास करायचे आणि दहाला कचेरीत. माझे काका असेच बी.ए. झाले. वारसा सहलीत ही इमारत सहसा वगळतात, कारण दर्शनी भागावर टिपण्यासारखं कोरीवकाम नाही. माझ्या मते या रस्त्यावर सगळ्यात जास्त माणसं बदलली ती याच जिन्यावर.

थोडं पुढे जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट. इमारत १८९८ची, गॉथिक. मूळ वाचनालय १८५६चं, काही तरुण पारशांनी सुरू केलेलं. वरच्या मजल्यावरचं वाचनदालन उंच छताचं, रंगीत काचांचं. डागडुजी इतकी नीट झाली की २०१५मध्ये त्यांनाही युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मेट्रो-३चं भुयार जवळून जाणार म्हटल्यावर हीच संस्था २०१७मध्ये उच्च न्यायालयात गेली होती.

———

बोराबाजार

पेटिटच्या वाटेवर असताना वाच्छा अग्यारी (पारशांचं अग्निमंदिर) चुकवू नका. दारापाशी पंख असलेले, दाढीवाल्या माणसाच्या तोंडाचे प्रचंड बैल. इराणी-असिरियन धाटणी. पारशी नसाल तर आत जाता येत नाही, तेव्हा बाहेरूनच बघा आणि उंबऱ्यावर उभं राहून फोटोसाठी गर्दी करू नका, लोक प्रार्थनेला येतात. कमानींच्या एवढ्या लांब ओळीत हे बैल एकदम समोर येतात तेव्हा माणूस दचकतो. लहानपणी मी त्यांच्या पुढून पळत जायचो.

———

दगडधोंडे

आणि व्हाइटअवे लेडलॉची इमारत? साहेबी कापडांचं भलंमोठं दुकान होतं ते. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आलं. ज्या दुकानात मँचेस्टरचा माल विकला जायचा तिथे चरख्याची खादी. असा सूड कुणी कागदावर आखला असता तर पटला नसता.

———

तिसरी_घंटा

खादी भांडारातून आजोबांचा सदरा ठरलेला असायचा. लाकडी काउंटर, मीटरपट्टी काउंटरच्या कडेलाच ठोकलेली.

———

ग्रंथघर

चालताना एक गोष्ट लक्षात आली, ती इथे टाकतो. बघा पटते का.

व्हीटीच्या उत्तरेला अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे, इमारत १८९३ची, संस्था १८७४ची. संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजी. तिथून खाली या, महापालिकेसमोर फिरोजशाह मेहतांचा पुतळा. आणखी खाली फाउंटनपाशी दादाभाईंचा पुतळा. काँग्रेसचे अध्यक्ष बघा: १८८६ दादाभाई, १८८७ तय्यबजी, १८९० फिरोजशाह. दादाभाई पुढे १८९३ आणि १९०६लाही झाले. म्हणजे काँग्रेसच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतले मुंबईकर अध्यक्ष तुम्ही एका फेरीत गाठता. हॉर्नबीचं नाव काढून दादाभाईंचं दिलं ते नुसतं देशी नाव हवं म्हणून दिलं, असं मला वाटत नाही. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारा माणूस, १८९२मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटात निवडून गेला आणि तिथे उभं राहून हिंदुस्थानची लूट आकड्यांत मांडली. साहेबाच्या पैशाने (म्हणजे आपल्याच) उभ्या राहिलेल्या इमारतींच्या रस्त्याला त्याचंच नाव हवं होतं.

———

फोर्टातला_भटक्या

ग्रंथघर, हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. झकास.

———

रोखठोक_तात्या

हे मात्र आवडलं. पुतळ्याभोवती वाहनं कशी लावतात तेही बघून या म्हणजे झालं.

———

ट्रामवाला_नातू

फाउंटनचं टोक कुणी घेतलेलं दिसत नाही, मी घेतो.

फ्लोरा फाउंटन १८६४चं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, शिल्पं जेम्स फोरसिथची, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड. खरं तर ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी होतं. शेवटी बसलं इथे, जिथे किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता. म्हणजे चर्चगेट स्टेशनला ज्या दरवाज्याचं नाव आहे तो दरवाजा स्टेशनापाशी नव्हता, इथे होता. कित्येक वर्षं कारंजं कोरडं आणि कबुतरांच्या ताब्यात. दुरुस्ती होऊन २०१९मध्ये पाणी परत सुरू झालं. त्या कामाच्या वेळी आजूबाजूला खणलं तर ट्रामचे रूळ निघाले. आमच्या घरात तो दिवस सणासारखा होता, कारण आजोबा ट्रामवर कंडक्टर. मुंबईत ट्राम १८७४मध्ये घोड्यांवर सुरू झाली, १९०७पासून विजेवर, आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची गाडी बोरीबंदरहून (म्हणजे व्हीटीहून) दादरला गेली.

फ्लोरा फुलांची देवी, वर उभी. पण खालची मंडळी जास्त बघण्यासारखी आहेत, मासे, शिंपले, सिंहांची तोंडं. पाण्याचे फवारे कुठून कुठे पडतात ते नीट बघा, प्रत्येक शिंपल्याला वेगळी धार आहे.

आणि त्याच्या शेजारी हुतात्मा स्मारक. शेतकरी आणि कामगार, दोघांच्या हाती एकच मशाल. २१ नोव्हेंबर १९५५ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. लढ्यातल्या १०५ हुतात्म्यांचं नाव चौकाला आहे. दर २१ नोव्हेंबरला आणि १ मेला इथे मानवंदना होते. रोमन देवी आणि मशालवाले दोघे एवढ्या जवळ उभे आहेत की बाहेरचा माणूस गोंधळतो, पण आपल्या गावाला त्यात काही वावगं वाटत नाही.

———

निळीशाई

फाउंटनचे फोटो काढायचे तर सकाळी. दुपारी पांढरा दगड फटफटतो. व्हीटीला उलट, संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की मालाडचा पिवळा दगड खुलतो. रात्री रंगीबेरंगी दिवे सोडतात स्टेशनावर, ते मला अजिबात आवडत नाहीत. जांभळ्या उजेडात कोरीवकाम सपाट होतं. साध्या पिवळ्या दिव्यात काय बिघडलं असतं?

———

तिसरी_घंटा

पोरांना आवडतात हो ते दिवे. समोरच्या सेल्फी पॉइंटवर रात्री उभं राहायला जागा नसते.

———

मी_ठाणेकर

मंडळी, आता रविवारचं ठरवा. सुरुवात कुठून? क्रॉफर्ड मार्केट की फाउंटन?

———

दगडधोंडे

फाउंटनहून. सकाळचा उजेड निळीशाई म्हणाली तसा तिथे चांगला, आणि शेवटाला व्हीटी आली की समोरूनच लोकल. वाटेत कोपऱ्यावरची ओरिएंटल बिल्डिंग दाखवेन, तिच्यातही स्टीव्हन्सचा हात आहे. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही टोकांना तोच.

———

बोराबाजार

मी म्हणतो क्रॉफर्डहून. मंडई सकाळी जिवंत असते, दुपारी नुसती उकडते. आणि फाउंटनला संपवलं की पोटपूजेला पर्याय जास्त.

———

फोर्टातला_भटक्या

क्रॉफर्ड मार्केटच. धाग्याचं नावच तसं आहे, त्यामुळे अध्यक्षीय मत माझं. सकाळी साडेसातला मंडईच्या शिल्पपट्टीखाली. निळीशाई तिथलं सांगेल, व्हीटी आणि महापालिका दगडधोंडे, पडवी आणि अग्यारी बोराबाजार, सिद्धार्थ आणि पेटिट ग्रंथघर, फाउंटन ट्रामवाला नातू. रविवारी पेटिट आतून बघता येईल का ते आधी विचारून ठेवावं लागेल, ग्रंथघर ते बघा. दुकानं बहुतेक बंद असतील, तेव्हा तात्यांना पडवी मोकळी मिळेल. ज्यांना अर्ध्यात सोडायचंय त्यांच्यासाठी मेट्रोची दोन स्थानकं झाली आहेत, एक सीएसएमटीला आणि एक हुतात्मा चौकात. मावशी, आईंना घेऊन थेट साडेआठला व्हीटीसमोर या, आम्ही तोवर पोचतो.

———

रोखठोक_तात्या

येतो. पण रविवारची मोकळी पडवी दाखवून माझं तोंड बंद करता येईल असं समजू नका. सोमवारी संध्याकाळी सहाला तुम्ही सगळ्यांनी माझ्याबरोबर यायचं.

———

मी_ठाणेकर

सोमवारी मी आहेच.